बॅज ड्रॉवरमध्ये, बाई एक्स-रे रूममध्ये

डिप्लोमा हातात पडला की घरी पेढे वाटले जातात. मुलगी टेक्निशियन झाली! मग ती एखाद्या सेंटरवर नोकरीला लागते आणि पहिल्याच दिवशी ऐकते : सहा महिने शिकाऊ म्हणून राहा, मूळ सर्टिफिकेट ऑफिसात जमा कर, बॅज नंतर येईल.

मैत्रिणींनो, हा बॅज म्हणजे ओळखपत्र नव्हे. टीएलडी बॅज छातीवर, लेड एप्रनच्या आत लावायचा आणि दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत पाठवायचा. अंगाने किती किरण घेतले याचा पुरावा तेवढाच. बॅज एक्स-रे रूममध्ये टांगलेला राहिला आणि आकडा फुगला, तर चौकशी लागते. ड्रॉवरमध्ये ठेवला की रिपोर्ट स्वच्छ! त्या तीन महिन्यांत वॉर्डातले पोर्टेबल एक्स-रे कोणी काढले, रडणारे मूल कोणी धरून ठेवले (ते काम टेक्निशियनचे नाहीच), हे कुठल्याच कागदावर येत नाही.

बाई टेक्निशियन मात्र सर्वांना हवी. मॅमोग्राफीला हवी, बायकांच्या तपासणीला हवी. तिला दिवस गेले की ती नकोशी होते.

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या 2011 च्या आदेशाने कामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट ठरवली. गरोदरपण कळवल्यानंतर गर्भासाठी 1. याचा अर्थ तिला घरी बसवा असा नाही. तिचे काम असे लावा की ही मर्यादा ओलांडली जाणार नाही. पण मालक म्हणतो, "बाळाच्या काळजीपोटी सांगतोय, सोड नोकरी." काळजी बाळाची, की पगारी रजेची? म्हणून ती लपवते. चौथा महिना लागला तरी पोर्टेबल मशीन ढकलत असते. मग लोक तिलाच बेजबाबदार आई ठरवतात.

2004 च्या नियमांत मालकाने कामगाराला तिच्या डोसची नोंद दरवर्षी, मागेल तेव्हा आणि नोकरी सोडताना द्यावी, असे आहे. नव्या मुलींपैकी कितीजणींनी ती पाहिली आहे? 2021 च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला नोंदणीची चौकट दिली. नोंदणीचा कागद मुलीची लायकी सांगेल. मालकाची कोण तपासणार?

आमचे म्हणणे एवढेच : बॅज पहिल्या दिवशी, मूळ सर्टिफिकेट मुलीच्याच ताब्यात. दर तिमाहीचा रिपोर्ट नोटीस बोर्डावर नको, तिच्या हातात द्या. तुमच्या गावच्या सेंटरवर सोनोग्राफीच्या कायद्यासाठी जाल, तेव्हा शेजारच्या दारावरही थाप मारा आणि आतल्या मुलीला विचारा, बाई, तुझा बॅज कुठे आहे?