मालक, किती देती ही?

गाणगापूरला जायचं आमच्या घरात गेली सहा-सात वर्षं नुसतं बोलणंच चाललं होतं. कधी मला रजा नाही, कधी मुलाची परीक्षा, कधी सासूबाईंचे गुडघे. शेवटी मेव्हण्यानेच मनावर घेतलं. म्हणाला, "भावोजी, माझी गाडी नुसती उभीच आहे. तिलाही जरा फिरवून आणू."

ही गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. जर्मन बनावटीची, डिझेलवर चालणारी, आत बसलं की बाहेरचा आवाज बंद. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुढे जे झालं त्यात कंपनीचा दोष होता असं मला म्हणायचं नाही. गाडी घेतली २०११ साली, आणि गोव्यातल्या वाचकाला २०११ म्हटलं की बाकीचं सांगावं लागत नाही. तेव्हा खाणी जोरात होत्या. साखळी-डिचोलीच्या रस्त्यावर टिपरांची रांग संपता संपत नसे, त्यातले चार मेव्हण्याचे. आमच्या खिडक्यांवर लाल धुळीचा थर, आणि त्याच धुळीतून एक दिवस ही काळी गाडी त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. पस्तीस लाख रुपये. मी तेव्हा यूडीसी होतो. पस्तीस लाखांत शून्यं किती हे मला फाईलवर लिहिताना ठाऊक, खिशात नव्हे. एवढी महाग गाडी कशाला, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "डिझेल आहे, भावोजी. परवडते."

हे 'परवडते' माझ्या डोक्यात इतकी वर्षं अडकून राहिलं होतं. या प्रवासात ते जरा सुटलं.

त्या काळी त्याचं म्हणणं वरवर खोटं नव्हतं. जून २०१० मध्ये केंद्राने पेट्रोलचे दर मोकळे केले, डिझेलचे सरकारच्या हातात ठेवले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर गेलं तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होतं. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक! त्यात डिझेलचं इंजिन मुळातच कमी पितं. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा थोडी जास्त असते आणि ती दाबून पेटवल्यामुळे वाया कमी जाते. म्हणून २०१२-१३ मध्ये देशात विकल्या गेलेल्या मोटारगाड्यांत निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या.

पण डिझेल स्वस्त ठेवलं होतं कुणासाठी? ट्रॅक्टर, एसटी, मालट्रक यांच्यासाठी. किरीट पारिख समितीने फेब्रुवारी २०१० मध्येच सांगितलं होतं की डिझेलच्या मोटारींवर ऐंशी हजार रुपये जादा अबकारी कर बसवा, म्हणजे शेतकऱ्याच्या नावाची सवलत मोटारवाल्याच्या टाकीत जाणार नाही. ते झालं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेत दीडशे मर्सिडीज एका फटक्यात विकल्या गेल्या, ६५ कोटी रुपयांच्या. मराठी माणसाची छाती फुगली होती, माझीही थोडी फुगली होती हे कबूल करतो. नंतर पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त लिहिलं, की या गाड्यांना स्टेट बँकेचं कर्ज सात टक्क्यांनी मिळालं आणि त्याच मराठवाड्यात ट्रॅक्टरला व्याज त्याच्या दुपटीच्या घरात पडत होतं. तेव्हा फुगलेली छाती खाली बसली.

असो. आमची गाडी निघाली.

चोर्ला घाट, बेळगाव, विजापूर, सिंदगी. घाट सोडला की पुढे सगळा काळ्या मातीचा सपाट मुलूख. दोन्ही बाजूंना तूर, मध्ये मध्ये ज्वारी, आणि रस्ता दोरी धरून आखल्यासारखा. गोव्यात दहाच्या पुढे न जाणारा ॲव्हरेजचा आकडा काचेमागे चढत चढत सतरावर गेला. मेव्हणा खूश. मलाही पटलं, की ही गाडी अशाच रस्त्यासाठी बनवलेली आहे. आमचा गोवा उत्तर-दक्षिण सगळा मिळून शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. तिथे म्हापशाहून पणजीला जायचं आणि पर्वरीच्या गर्दीत अर्धा तास उभं राहायचं. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. २०२० नंतरच्या नव्या डिझेल गाड्यांना तर हे अजिबात सोसत नाही. त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी बराच वेळ वेगात चालली तरच आतली उष्णता वाढून काजळी जळते. रोज पाच-दहा किलोमीटर चालवली तर गाळणी तुंबते आणि दिवा लागतो. बऱ्याच गाड्यांत वर युरियाचं पाणी वेगळं भरायचं. ही गोष्ट शोरूममध्ये कुणी आधी सांगितली असेल, तर त्याला माझा नमस्कार.

गाणगापूरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, मग निर्गुण पादुकांचं दर्शन. दुपारी माधुकरी. ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की तिथे भाविकाने पाच घरी भिक्षा मागायची असते. मग तो कुणीही असो. मेव्हण्याने झोळी घेतली. चार टिपरांचा एकेकाळचा मालक, पायात काही नाही, "ॐ भवति भिक्षां देहि" म्हणताना त्याचा आवाज पहिल्या घरापुढे निघेचना. तिसऱ्या घरी एका म्हातारीने भाकरीचा तुकडा घातला आणि कानडीतून काहीतरी विचारलं. आम्हाला कळलं नाही, तिच्या नातवाने सांगितलं: कुठून आलात, बसने का? मेव्हणा "हो" म्हणाला. का म्हणाला, ते मी विचारलं नाही.

गाणगापूरहून कलबुर्गीच्या वाटेवर दिवा लागला. पिवळा. मग गाडी ओढेना. आदल्या दिवशी वाटेत एका पंपावर टाकी भरली होती. कुठल्या ते लिहीत नाही, कारण सिद्ध करता येणार नाही. मेव्हण्याने कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. उत्तर मिळालं, की गाडी हैदराबादला न्यावी लागेल. कलबुर्गीहून हैदराबाद दोनशे किलोमीटरच्या वर. गाडीच्या सगळ्या वैभवाचा अर्थ मला त्या क्षणी कळला: गाडी आपल्या दारात, आणि तिचा वैद्य दुसऱ्या राज्यात. ज्या मुलखात हिला पळायला रस्ता आहे तिथे हिला दुरुस्त करणारा नाही, आणि जिथे दुरुस्त करणारा जवळ आहे तिथे पळायला रस्ता नाही.

गाडी रखडत रखडत कलबुर्गीच्या रिंगरोडला आणली. तिथे एक गॅरेज होतं. बाहेर दोन ट्रॅक्टर, एक बोलेरो, खाली तेलाने काळी झालेली जमीन. मिस्त्री दख्खनी बोलणारा, पन्नाशीचा. त्याने बॉनेट उघडायला लावलं, वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं आणि आत बघत राहिला. मग म्हणाला, "पानी आ गया साब, डिझेलमें. टॅक्टर को भी येच होता." फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला केला आणि बाटलीत पाणी आणि डिझेल वेगवेगळं आम्हाला दाखवलं. तीनशे रुपये घेतले. मेव्हण्याने पाचशे पुढे केले, तर दोनशे परत दिले. गाडी चालू झाली. कंपनीकडे नेलं असतं तर किती झाले असते याचा हिशेब आम्ही दोघांनीही मनात केला आणि मोठ्याने कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी कलबुर्गीहून हुमनाबाद. माणिकनगरला माणिकप्रभूंच्या समाधीचं दर्शन घेतलं. तिथे सगळं मराठीतच चालतं, आपल्याच गावात आल्यासारखं वाटतं. बिदर, भालकी, औराद हा सगळा पट्टा १९५६ पर्यंत आपल्या मराठवाड्यासारखाच हैदराबाद राज्यातला. तिथल्या मराठीत कानडी आणि दख्खनी इतकी मुरलेली आहे, की कान दिला तर ऐकतच राहावं. तर तिथून बिदरकडे निघताना पंपावर थांबलो. शेजारी एक ट्रॅक्टर. मालक साठीचा, डोक्याला टॉवेल, हातात डिझेलचा कॅन. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. आता विचारील कितीला घेतली, असं मला वाटलं. त्याने विचारलं, "मालक, किती देती ही?"

मेव्हण्याने अभिमानाने सांगितलं, "चौदा-पंधरा."

"बरं हाय की. आमचं किलोमीटरवर नसतंय, तासावर असतंय. नांगराला तासाला पाच लिटर खातंय." मग पंपावरच्या आकड्याकडे बघून म्हणाला, "तुमाला बी ह्याच भावानं देत्यात का?"

प्रश्न कुत्सित नव्हता, हे मला आवर्जून सांगायचं आहे. खरंच माहीत नव्हतं म्हणून त्याने विचारलं. एवढ्या मोठ्या गाडीला भाव वेगळा असेल असं त्याला वाटलं होतं. मेव्हणा म्हणाला, "ह्याच भावाने." तो "आस्सं का" म्हणाला आणि कॅन उचलून गेला.

समोर रस्त्यावरून कल्याण कर्नाटक परिवहनची बस गच्च भरून गेली. जून २०२३ पासून तिकडे बायकांना बसप्रवास फुकट आहे, त्यामुळे आत अर्ध्याहून जास्त बायका. साधी बस लिटरला पाच किलोमीटर देते असं धरा आणि आत पन्नास माणसं धरा. एका लिटरला अडीचशे माणसांचा किलोमीटर. आमच्या गाडीत चार माणसं, लिटरला चौदा, म्हणजे छप्पन्न. आणि आमचा ॲव्हरेज चांगला म्हणे!

बिदरला नरसिंह झरणीच्या छातीभर पाण्यातून जाऊन आलो, किल्ला ओझरता पाहिला आणि परतलो. एकूण १२६० किलोमीटर, ८८ लिटर डिझेल. साधारण आठ हजार रुपये. माझी छोटी पेट्रोल गाडी लिटरला एकोणीस देते. तिने हाच प्रवास साडेसहा हजारांत झाला असता. सासूबाईंचे गुडघे मात्र तिने इतके सांभाळले नसते, हेही खरं.

आता खरी गोष्ट. मेव्हणा ही गाडी विकतो आहे, आणि ती मी घ्यावी असं त्याच्या मनात आहे. दलाल चार लाख देतात, मला साडेतीनला. परतीच्या वाटेवर त्याने खर्चाची वहीच माझ्या हातात दिली. "तुम्ही सरकारी माणूस, हिशेब बघा."

हिशेब बघितला. चौदा वर्षांत गाडी चालली एक लाख दहा हजार किलोमीटर. पस्तीस लाखांची गाडी चार लाखांवर आली, म्हणजे एकतीस लाख गेले. किलोमीटरला अठ्ठावीस रुपये. डिझेल आजच्या भावाने किलोमीटरला सात रुपये. टायर, विमा, सर्व्हिसिंग वेगळं. पेट्रोलऐवजी डिझेल घेतल्याने त्याचे दोन-अडीच लाख वाचले असतील, नाही म्हणत नाही. पण ते वाचवण्यासाठी एकतीस घालवले. गाडी अंगणात उभी असतानाही रोज सहाशे रुपये जात होते आणि आपण काटा बघत होतो ॲव्हरेजचा.

त्याचं नशीबही असं, की गाडी घेतली आणि सगळंच उलटलं. २०१२ च्या अर्थसंकल्पात पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला, गोव्यात पेट्रोल अकरा रुपयांनी उतरलं. सप्टेंबरात खाणी बंद. टिपर गंजले, गाडी उरली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही मोकळे झाले आणि तो बत्तीस रुपयांचा फरक विरून गेला.

माझं मत विचाराल तर पारिख समितीचं म्हणणं बरोबर होतं. पंपाच्या नळीला ट्रॅक्टर कुठला आणि जर्मन गाडी कुठली हे कळत नाही, म्हणून गाडी विकतानाच तिच्याकडून घ्यायला हवं होतं. आजही तोच उपाय आहे. एप्रिल २०२५ मध्ये इंधनावर दोन-दोन रुपये अबकारी वाढली तेव्हाही डिझेलवरचा कर पेट्रोलपेक्षा कमीच राहिला. ट्रॅक्टर आणि बससाठी तो कमी असावा, माझी तक्रार नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबरात मोठ्या गाड्यांवरचा कर मात्र पन्नासच्या आसपास होता तो चाळीस टक्क्यांवर आणला, डिझेल असो की पेट्रोल. हुमनाबादच्या त्या माणसाला हे कसं समजावून सांगायचं मला सुचत नाही.

बायकोला गाडी हवी आहे. भावाची गाडी परक्याच्या दारात जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं आहे, आणि ते मला समजतं. नोंदणीची पंधरा वर्षं आता भरत आली. नूतनीकरणाची फी २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली आहे, तीही मलाच भरावी लागेल. प्रॉव्हिडंट फंडातून साडेतीन लाख निघतील. पण मी रोज साखळीहून पणजीला कदंबने जातो. ही गाडी घेतली तरी कदंबनेच जाईन, हे मला आत्ताच माहीत आहे.

वही अजून माझ्या कपाटात आहे. मेव्हणा परवा फोनवर विचारत होता. मी म्हटलं, "नको रे." तो म्हणाला, "बरं." आणि मग थोड्या वेळाने, "ताईला तुम्हीच सांगा."

अजून सांगितलेलं नाही.