नदीचा नकाशा पैठणला संपत नाही

शनिशिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत, हे सांगताना महाराष्ट्र थकत नाही. तेथील शिळा पानसनाल्याच्या पुरातून वाहत आली, अशी आख्यायिका आहे. त्या पुराचे पाणी पुढे कोठे गेले, हे मात्र कोणी विचारीत नाही. नेवासे तालुक्याचे पाणी उताराने गोदावरीला मिळते आणि त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी सुमारे 1,465 किलोमीटर चालून आंध्र प्रदेशात काकीनाड्याच्या दक्षिणेस अनेक मुखांनी समुद्रात शिरते. ते नदीमुखही आपल्याच नदीचे आहे.

या मुखाशी कोरिंग्याचे खारफुटीचे वन आहे. 1978 साली सरकारने त्याला अभयारण्याचा दर्जा दिला. पण केवळ फलक लावल्याने वन वाचत नाही. 1990 च्या दशकात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वनखात्याच्या साहाय्याने तेथील मच्छीमार गावांत समित्या उभ्या केल्या. कोठली जमीन खचली, भरतीचे पाणी कोठे कोंडून मिठागरासारखे झाले, हे तेथे रोज होडी हाकणाऱ्यांना ठाऊक होते. त्यांचे ज्ञान नकाशावर आले. त्यानुसार माशाच्या काट्यासारखे चर खणून भरती-ओहोटीचे पाणी पुन्हा खेळते केले, काठाने रोपे लावली, आणि उजाड जमिनीवर वन परतले. लाकूडफाट्यासाठी वनावर अवलंबून असलेली माणसेच त्याची राखणदार झाली.

भरतीचे पाणी अडले की चूल विझते, हे आपल्या कोकणानेही पाहिले आहे. बंदराच्या विस्तारासाठी खारफुटी व मासेमारीच्या जागा गेल्या म्हणून उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. 2015 साली न्यायाधिकरणाने 1,630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाईने खाडी परत येत नाही. कोरिंग्याचे मोल यासाठीच अधिक.

परंतु मुखाशी राबणाऱ्यांच्या हाती सारे नाही. गोदावरी 1970 च्या दशकात वर्षाला सुमारे 15 कोटी टन गाळ समुद्राकडे नेत असे. 1990 च्या दशकात तो सहा कोटी टनांच्याही खाली आला. उरलेला गाळ मुख्यतः धरणांच्या पोटात बसतो, आणि गाळावाचून त्रिभुज प्रदेशाचा किनारा ठिकठिकाणी मागे सरकतो. 1975 च्या करारान्वये पैठणपर्यंतचे सर्व पाणी वापरण्याचा हक्क महाराष्ट्रास मिळाला व 1980 च्या लवादाने तो मान्य केला. त्या वाटपात राज्ये वाटेकरी होती, नदीमुख नव्हते.

यावर आमचा नेवाशाचा कार्यकर्ता विचारील की, टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाने समुद्रासाठी पाणी सोडावे काय? प्रश्न रास्त आहे. पिण्याच्या पाण्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क आधी नाही. शिवाय मुखाशी पोचणारे बहुतेक पाणी प्राणहिता, इंद्रावती व शबरी यांचे असते, हेही खरे. पण आपल्याकडे अडविलेले पाणी तहानलेल्याच्या घागरीत जाते, की थोड्यांच्या उसात? मुळेच्या पाण्यावर उसाचे मळे व साखरेचे कारखाने उभे राहिले, आणि पाटापासून दूरचा कोरडवाहू शेतकरी होता तेथेच राहिला. तुटीच्या वर्षी नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा तंटा पेटतो, तेव्हाही या प्रश्नाला बगल दिली जाते. नदीमुखाला कोरडे ठेवणारी आणि कोरडवाहू शेतकऱ्याला वंचित ठेवणारी व्यवस्था एकच आहे.

तिला उत्तरही याच मातीत सापडले होते. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीप्रमाणे नव्हे, माणशी वाटले. भूमिहीनालाही हिस्सा दिला आणि उसाला मनाई केली. त्या वाटणीत आणखी एक वाटेकरी धरावा, तो म्हणजे खुद्द नदी, असे आमचे म्हणणे आहे. नद्यांची स्वच्छता हा राजकीय प्रश्न आहे, हे डॉ. लोहियांनी 1958 मध्येच सांगितले होते.

म्हणून नेवाशाच्या कार्यकर्त्यांनी कोरिंग्याच्या मच्छीमारांसारखेच आपापल्या गावाच्या पाण्याचा नकाशा काढावा. ओढे कोठे बुजविले, उपसा कोणाचा व किती, सांडपाणी कोठे मिसळते, पाटाचे पाणी कोणाच्या शेतापाशी थांबते, हे ग्रामसभेत उघड मांडावे. तो नकाशा काहींना अडचणीचा ठरेल, आणि त्यात आपल्या जवळची माणसेही असतील. तरीही तो काढला पाहिजे. कोरिंग्याच्या मच्छीमारांनी नदीच्या शेवटच्या टोकाचे काम हाती घेतले. अलीकडचे काम आपले आहे.