विश्लेषण : ठाकुरवाडीतल्या मोबाइलला प्रेक्षक कसा मिळणार?

कर्जत सोडून गाडी घाट चढू लागली की पळसदरी, जांबरुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावे एकामागून एक मागे पडत जातात. बोरघाटातला हा रेल्वेमार्ग १८६३चा. पावसाळ्यात इथे डब्याच्या दारादारांत मोबाइल बाहेर येतात, धबधबा टिपला जातो आणि लोणावळा येईपर्यंत तो इन्स्टाग्रामवर चढलेलाही असतो. त्या व्हिडीओत डोंगर दिसतो, ढग दिसतात. वाडी दिसत नाही.

ठाकुरवाडी या नावाची वस्ती कर्जत आणि खालापूर तालुक्यांत एकच नाही. ठाकर समाजाची घरे जिथे, ती ठाकुरवाडी, असा साधा हिशेब. आता या वाड्यांवरच्या मुलामुलींच्या हातातही स्मार्टफोन आहे. रेंज एखाद्या टेपावर चढल्यावरच मिळत असली, तरी रील बघणे सुरू आहे आणि बनवणेही. शहरातून ड्रोन घेऊन आलेल्या पाहुण्याच्या व्हिडीओला लाखभर व्ह्यूज मिळतात आणि त्याच पाहुण्याला वाट दाखवणाऱ्या मुलाच्या व्हिडीओला दोनशे. हा फरक कॅमेऱ्याचा आहे, अशी समजूत करून घेऊन कर्ज काढून महागडा फोन घेण्याकडे कल वाढतो. फरक बराचसा सवयीचा आहे, आणि ती सवय शिकवणारी माणसे वाडीतच आहेत.

प्रेक्षक म्हणजे नेमके कोण?

एकदा बघून पुढे गेलेला माणूस प्रेक्षक नव्हे, तो वाटसरू. परत येतो तो प्रेक्षक. यूट्यूब स्टुडिओ या अॅपमध्ये नवे प्रेक्षक आणि परत आलेले प्रेक्षक असे दोन वेगळे आकडे दिसतात. चॅनेल चालवणारे बहुतेक जण एकूण व्ह्यूज बघून खूश होतात किंवा खचतात. खरी गोष्ट दुसऱ्या आकड्यात असते.

पैशाचे गणितही तिथेच अडते. यूट्यूबवर जाहिरातीचे उत्पन्न सुरू होण्यासाठी १,००० सबस्क्रायबर लागतात आणि त्यासोबत गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले गेलेले व्हिडीओ, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. चार हजार तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. एक माणूस सरासरी चार मिनिटे थांबला, तरी ६० हजार वेळा कोणीतरी थांबायला हवे. एवढे करून मोठ्या व्हिडीओवरील जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा बनवणाऱ्याला मिळतो. शॉर्ट्समध्ये वाट्याला येणाऱ्या रकमेतले ४५ टक्के. एखादे रील अचानक उसळले म्हणून हे गणित सुटत नाही. ठरावीक माणसे ठरावीक वेळी परत आली तर सुटते.

सवय कोणाकडून शिकायची?

जूनच्या पहिल्या सरी पडल्या की कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याणच्या स्टेशनांबाहेर ठाकर आणि कातकरी बाया रानभाज्या घेऊन बसतात. आधी शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी. पाऊस स्थिरावला की कंटोली. पहाटे डोंगरात जायचे, खुडायचे, जुड्या बांधायच्या, पहिली मिळेल ती लोकल पकडायची आणि रोजच्याच जागेवर बसायचे. जागा बदलली तर गिऱ्हाईक चुकते, हे तिला कोणत्याही मार्केटिंगच्या कोर्सशिवाय कळते.

तिचे बोलणे नीट ऐकावे. ‘ताई, शेवळं घ्या, पण काकडं घालायला विसरू नका, नायतर घसा खाजंल.’ शेवळाला खाज असते आणि काकडाच्या आंबट फळांनी ती मारली जाते, ही माहिती ती भाजीसोबत फुकट देते. नवख्या बाईला भाजी कशी निवडायची, कुठला भाग टाकायचा, हे जागेवर करून दाखवते. आज टाकळा कोवळा नसेल तर ‘आज नका घेऊ’ असेही सांगते. त्या एका नकारामुळे ती बाई पुढच्या आठवड्यात तिलाच शोधत येते. मोबाइलवर भाषणे देणारे शहरी सल्लागार ज्याला ‘प्रेक्षकांशी नाते’ म्हणतात, ते हेच. फरक एवढाच, की त्यांच्या सल्ल्याला फी असते.

ही सवय मोबाइलवर आणायची तर कसे? आठवड्याचा एक वार ठरवावा आणि तो मोडू नये. विषय रोज नवा शोधायची गरज नाही. डोंगरच पंचांगासारखा विषय हातात देतो. उन्हाळ्यात मोहाची फुले, करवंदे, जांभळे. मेअखेरीस काजवे. मग रानभाज्या, ओढ्यातल्या चिंबोऱ्या, वरी-नाचणीची लावणी, दिवाळीच्या आसपास भातकापणी. सात वर्षांनी फुलणारी कारवी हा तर एकदाच सापडणारा हंगाम. दर वेळी एकच गोष्ट, पण पूर्ण सांगावी : ती कुठे वाढते, कशी ओळखायची, तिच्यासारखे दिसणारे पण न खाण्याजोगे काय असते. या शेवटच्या मुद्द्यात चूक झाली तर कोणाच्या तरी घरी कोणीतरी आजारी पडेल. त्यामुळे व्हिडीओ टाकण्याआधी घरातल्या म्हातारीला दाखवून घेणे, ही या कामातली सर्वांत उपयोगी सवय ठरावी. ड्रोनवाल्या पाहुण्याकडे तपासून देणारी अशी म्हातारी नसते.

हे प्रत्यक्षात कोणाला जमले?

नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचे ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल हे अलीकडचे ठळक उदाहरण. सत्तरीच्या आसपासच्या आजी, स्वयंपाक घरचाच, आणि चित्रीकरण शिकत्या वयाच्या नातवाचे. २०२० साली सुरू झालेल्या या चॅनेलवर कारल्याच्या भाजीसारख्या रोजच्या पदार्थाने लाखो लोकांना थांबवले. चॅनेलला यूट्यूबचे सिल्व्हर बटणही मिळाले. ते एक लाख सबस्क्रायबर झाल्यावर मिळते. कॅमेऱ्यासमोर सुरुवातीला बिचकणाऱ्या आजी हळूहळू सरावल्या, पण त्यांनी भाषा बदलली नाही. शहरी वाटावे म्हणून आवाज बदलणाऱ्या शेकडो चॅनेलांच्या गर्दीत त्यांचे गावचे बोलणेच ओळख बनले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते चॅनेल हॅक झाले आणि काही दिवसांनी परत मिळाले. ही बातमी त्या वेळी बरीच गाजली, पण तिच्यातला धडा फारसा कोणी घेतला नाही. वाडीत एकच फोन चौघांच्या हातात फिरतो, पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो, सिमकार्ड बदलत राहते. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करणे आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू ठेवणे हे काम दहा मिनिटांचे आहे. ते न केल्यास वर्षभराची मेहनत एका लिंकवर बोट पडताच जाऊ शकते.

यूट्यूबच्याही आधीचे एक उदाहरण सिंधुदुर्गात आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत आणि कर्जतचे ठाकर यांचे जगणे वेगळे आहे, नाव मात्र सारखे. पिंगुळीची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा प्रेक्षक आटल्यामुळे विझत चालली होती. परशुराम गंगावणे यांनी ती धरून ठेवली, २००६मध्ये घरच्या गोठ्याच्या जागेत ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय सुरू केले. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मधली वर्षे कोणी फारसे बघायला येत नसतानाही काम चालू ठेवायची होती.

धाडसाचा व्हिडीओ का नको?

कारण तो सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग आहे. १६ जुलै २०२४ रोजी माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यावर मुंबईहून आलेली, इन्स्टाग्रामवर मोठा प्रेक्षकवर्ग असलेली तरुणी चित्रीकरणादरम्यान सुमारे ३०० फूट खोल दरीत पडून मरण पावली. कर्जत-खालापूरमधल्या धबधब्यांवर आणि धरणांवर पावसाळ्यात मनाईचे आदेश निघतात, ते अशाच अनुभवांतून. तरी आदेशाच्या फलकासमोर उभे राहूनच रील काढली जाते. नंतर दोर घेऊन दरीत उतरायची वेळ येते तेव्हा बचाव पथकांसोबत वाट दाखवायला जातात ती आसपासच्या वाड्यांवरची माणसे. पाहुण्याला व्ह्यूज, वाडीला ओझे, असा हा व्यवहार आहे. वाडीतल्या मुलाने तोच व्यवहार उचलण्यात काही शहाणपण नाही. ज्या डोंगराच्या अंगाखांद्यावर तो वाढला, तिथे कड्यावर पाय सोडून बसणे हे त्याचे वैशिष्ट्य नव्हे. कुठे पाय ठेवायचा नाही, हे ठाऊक असणे हे वैशिष्ट्य. ‘हा धबधबा वरच्या डोंगरात पाऊस पडला की किती वेळात फुगतो’ असा एक व्हिडीओ शंभर रील्सपेक्षा जास्त वेळा शोधला जाईल आणि कदाचित कोणाचा जीवही वाचवेल.

खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीला हे वेगळे सांगायला नको. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळून ही ठाकर वस्ती गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. वाडीतली काही मुले त्या वेळी शाळेत मोबाइलवर खेळत बसली होती. ती वाचली आणि त्यांनी खबर पोहोचवली, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. मोबाइलच्या नादावर वाडीतले वडीलधारे चिडतात, ते अनेकदा बरोबरच असते. पण मोबाइल खबर पोहोचवण्याचे साधनही आहे, हे त्या रात्री दिसले.

मनाची तयारी कसली हवी?

पहिले सहा-आठ महिने कोणी बघणार नाही, याची. दुसरी, ठाकरी बोलीतल्या उच्चारांवर कोणीतरी हसणार, याची. अशा कमेंटला उत्तर देत बसण्यापेक्षा ‘ही भाजी कुठे मिळेल’ असे विचारणाऱ्याला उत्तर द्यावे; परत येणारा माणूस तोच असतो. आपलाच जुना व्हिडीओ महिन्यातून एकदा आवाज मोठा करून पूर्ण ऐकावा. कुठे अडखळलो, कुठे उगाच लांबवले, कुठे बघणारा कंटाळला असेल, हे कोणी सांगायची गरज उरत नाही. बोलण्याची भीती याच सरावाने जाते, आणि ती गेली की त्याचा उपयोग ग्रामसभेत, बँकेत आणि नोकरीच्या मुलाखतीतही होतो. चॅनेल चालले नाही, तरी ही कमाई हातात राहते.

मात्र कॉलेज किंवा मजुरीचा हंगाम सोडून रील्सच्या मागे लागू नये. या धंद्याचा मालक परदेशात बसलेला आहे आणि त्याचे नियम रातोरात बदलतात. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली तेव्हा महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. ज्यांच्याकडे आपल्या बघणाऱ्यांपर्यंत पोहोचायची दुसरी वाट होती, ते सावरले. म्हणून वाडीतल्या मुलांनी चॅनेलसोबत साधा व्हॉट्सअॅप गट ठेवावा. ट्रेकला आलेले, भाजी नेणारे, जेवून गेलेले लोक त्यात असावेत. पन्नास माणसांचा असा गट पाच हजार अनोळखी फॉलोअर्सपेक्षा वाडीच्या जास्त कामाचा.

राज्याचा कृषी विभाग ऑगस्टमध्ये, ९ तारखेच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. टेबलावर भाज्या मांडल्या जातात, नावाच्या पाट्या लागतात, अधिकारी फोटो काढतात आणि संध्याकाळी टेबले उचलली जातात. त्याच टेबलावर भाजी खुडून आणणाऱ्या बाईच्या वाडीचे नाव आणि तिच्या मुलीने बनवलेल्या व्हिडीओचा क्यूआर कोड ठेवायला विभागाला वेगळा निधी लागत नाही. पुढच्या जूनमध्ये शेवळं विकायला येणाऱ्या त्या बाईला मग बदलापूर स्टेशनाबाहेर कोणीतरी विचारेल, ‘मावशी, तो काकडाचा व्हिडीओ तुमच्याच पोरीचा ना?’