नऊ मीटरचे तारण

आमच्या कॉलनीच्या नाक्यावर एक भाजीवाली बसत असे. बावीस वर्षे बसली. पालेभाज्या, लिंबू-मिरची, गणपतीत दूर्वा आणि पत्री, संक्रांतीला हरभऱ्याचे घाटे. गेल्या दिवाळीनंतर ती तिथे नाही. तिला हलवावे असा अर्ज आमच्या रहिवासी संघाने केला होता आणि त्या अर्जाचा मसुदा माझा होता. बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाकडे ही कामे आपोआप येतात. "साहेब, तुमच्यासारखं मुद्देसूद आम्हाला जमायचं नाही," असे सेक्रेटरी म्हणाले आणि मी पेनाचे टोपण काढले. 'रहदारीस कायमचा अडथळा' हे शब्द माझेच. तिच्या जागेवर आता दोन मोटारी उभ्या असतात. त्यातली एक माझी आहे.

शहराचे नाव मुद्दाम सांगत नाही. वाचकांनी आपापल्या गावाचे नाव घालून वाचले तरी फारसे चुकणार नाही.

कॉलनीचे संघ पूर्वीही होते, पण ते कोजागिरीचे दूध आणि दहावीच्या मुलांचे सत्कार यांपुरते. त्यांच्या लेटरहेडला वजन आले ते अलीकडे, आणि त्यामागे राजकारण आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. कारभार लोकांच्या दाराशी यावा, हा हेतू. पुढे काय झाले? २०२२ साली मुंबई-पुण्यासह राज्यातल्या बऱ्याच महापालिकांची मुदत संपली आणि थेट जानेवारी २०२६ पर्यंत निवडणुका झाल्याच नाहीत. जवळजवळ चार वर्षे प्रशासकांचे राज्य. ज्या नगरसेवकाच्या नावाने आपण इतकी वर्षे बोटे मोडली तो नाहीसा झाला, आणि अधिकाऱ्यांना भेटायला उरले आमच्यासारखे निवृत्त लोक. आम्हाला वेळ असतो, आमचे अर्ज टाइप केलेले असतात, आणि आम्ही टेबल बडवत नाही. आमचे ऐकले जाऊ लागले.

पण 'आम्ही' म्हणजे कोण? आमच्या संघात फ्लॅटमालक आहेत. भाडेकरू नाहीत, तीन बंगल्यांत भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थिनी नाहीत, वॉचमन नाही, धुणेभांडी करणाऱ्या बायका तर नाहीतच. नगरसेवक कसाही असो, त्याला भाजीवालीचेही मत लागते. आम्हाला लागत नाही. सभेत तिच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते, कारण बोलावलेच नव्हते. ठराव एकमताने झाला, असे इतिवृत्तात आहे. तेही माझ्याच अक्षरात.

आता रस्त्याकडे वळतो, कारण खरी गोम तिथे आहे.

आमचा रस्ता नऊ मीटरचा. साधी मोटार सुमारे पावणेदोन मीटर रुंद. आरसे आणि गटाराची कड सोडून उभी केली की दोन मीटर गेलेच. दोन्ही बाजूंना रांग लागली की उरले पाच मीटर. त्यातच शाळेची बस, टँकर, कचऱ्याची गाडी आणि जीव मुठीत धरून चालणाऱ्या आजीबाई. पदपथ आहे, पण त्यावर दुचाक्या आहेत.

आणि तरीही कागदावर हा रस्ता नऊ मीटरचाच राहिला पाहिजे, असा आमचा आग्रह आहे. का? मुंबई वगळून राज्याच्या बहुतेक शहरांसाठी डिसेंबर २०२० मध्ये जी एकत्रित बांधकाम नियमावली आली, तिच्यात रस्त्याच्या रुंदीला सोन्याचा भाव आहे. महापालिका हद्दीत मूळ चटई निर्देशांक, म्हणजे एफएसआय, १.१० इतका. हजार फुटांच्या प्लॉटवर अकराशे फूट बांधकाम. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर गोष्ट तिथेच संपते. नऊ मीटर भरला की पैसे भरून मिळणारा वाढीव निर्देशांक आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, हे दोन्ही खुले होतात. जुन्या तीन मजली इमारतीच्या जागी उंच इमारत उठते आणि मालकाला फुकटात मोठा फ्लॅट मिळतो. पुण्यात २०२० साली सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला आणि त्यावर केवढे वादळ उठले, ते आठवावे. वाद रस्त्याचा होता, पण रस्त्यावरून जाण्याचा फारसा नव्हता.

आता हे बँकवाल्याच्या नजरेने पाहा. रस्त्याची नऊ मीटर रुंदी हे तारण. ते दाखवून आम्ही वाढीव बांधकामाचे कर्ज उचलणार. जास्त माणसे येतील, त्यांना ये-जा करायला नऊ मीटर पुरतील, असा हिशेब त्यामागे आहे. आणि तेच नऊ मीटर आम्ही आधीच मोटारी ठेवायला देऊन बसलो आहोत, तेही बिनभाड्याने. एकच जमीन दोन ठिकाणी गहाण टाकणारा कर्जदार माझ्यासमोर आला असता तर मी त्याला खुर्चीवर बसू दिले नसते. इथे कर्जदार मीच आहे. जास्तीच्या माणसांबरोबर जास्तीच्या मोटारी येतील आणि त्याही याच तारणावर उभ्या राहतील.

एका मोटारीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात. दोन मोटारींचे झाले पंचवीस चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. हा आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला म्हणून शोधला. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला काही वर्षे नेमके एवढेच घर मिळत असे. पूर्वी ते २२५ फूट होते, पुढे ३०० झाले. नाक्यावरच्या आमच्या दोन मोटारी एका कुटुंबाचे घर व्यापून बसल्या आहेत आणि भाडे शून्य. भाजीवाली बसायची ती दोन पोत्यांच्या जागेत.

यावर उपाय माहीत नाहीत असे नाही. जपानमध्ये १९६२ पासून मोटार घेताना ती ठेवायची जागा दाखवावी लागते. अमेरिकेतल्या पॅसाडेना गावात १९९३ साली जुन्या बाजारपेठेत पार्किंगचे मीटर बसवले आणि ते पैसे त्याच रस्त्यांच्या पदपथांवर खर्च केले, तेव्हा विरोध करणारे दुकानदार राजी झाले. पुण्यात २०१८ साली पार्किंगचे शुल्क लावायचे धोरण मंजूर झाले. विरोध इतका झाला की पाच रस्त्यांवर प्रयोग करण्यापुरते ते आक्रसले. २०२५ साली जागेच्या दाखल्याशिवाय मोटारीची नोंदणी नाही, असे आपल्या परिवहनमंत्र्यांनी जाहीर केले, तर आमच्या कट्ट्यावर दाखला कुठून 'मिळवता' येईल याचीच चर्चा झाली.

इमारतीच्या पोटातली जागाही धड वाटता येत नाही. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये सांगितले की, खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सोसायटीची. फार चांगले झाले. आमच्याकडे वीस फ्लॅट आणि चौदा जागा. दर वर्षी चिठ्ठ्या टाकतो. गेल्या वर्षी माझी चिठ्ठी निघाली नाही आणि त्याच महिन्यात मला नाक्यावरचा 'रहदारीस अडथळा' दिसू लागला. हा योगायोग होता असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

भाजीवाली आता मोठ्या रस्त्यावर, सिग्नलच्या अलीकडे बसते. धूर, ऊन, आणि गिऱ्हाईक थांबत नाही. जानेवारीत मला पाहून तिने हाक मारली. म्हणाली, "साहेब, तुम्ही बँकेत होता ना? कुणीतरी माझ्याविरुद्ध अर्ज केलाय. मला जागा परत मिळावी म्हणून एक अर्ज लिहून द्या." आणि पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली सर्वेक्षणाची पावती काढून माझ्या हातात दिली.

मी तिला सांगितले नाही. घरी येऊन २०१४ चा पथविक्रेता कायदा काढून वाचला. पहिला अर्ज लिहिण्याआधी वाचायला हवा होता. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला उठवू नये, हलवायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. कुणी कुठे बसायचे हे ठरवण्यासाठी शहर फेरीवाला समिती असते. तिच्यात किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, आणि बाकीच्या जागांत कोण असू शकते त्या यादीत रहिवासी संघ आहेत, बँकाही आहेत. म्हणजे ती, आमचा संघ आणि माझी जुनी नोकरी अशा तिघांना एका टेबलाशी बसवण्याची सोय कायद्याने बारा वर्षांपूर्वी करून ठेवली होती.

तिचा अर्ज लिहिला. मग संघासाठी दुसरे पत्र लिहिले: पूर्वीचा अर्ज मागे घ्यावा, नाक्यावरची एक जागा मोटारींसाठी बंद करावी आणि तिथे तिला बसू द्यावे. पत्र घेऊन अध्यक्षांकडे गेलो. ते माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, शांतपणे वाचतात. वाचून झाल्यावर म्हणाले, "काका, सगळं पटतं. पण बंद करायची जागा कुणाची? तुमचीच ना? मग तुम्ही गाडी कुठे लावणार, ते एका ओळीत यात लिहा."

ती ओळ लिहायला मला आठ दिवस लागले. गाडी विकायला काढली आहे. घरात यावर एकमत नाही. डॉक्टरकडे रात्री-अपरात्री कसे जायचे, असे ही विचारते आणि तिचा प्रश्न चुकीचा नाही. कॉलनीत रात्री रिक्षा येत नाही, कारण वळायला जागा नसते.

सभा पुढच्या रविवारी दहा वाजता आहे. विषयपत्रिकेवर पहिला विषय बिल्डरच्या सादरीकरणाचा, आणि सातवा भाजीवालीचा. चहा सहाव्यानंतर आहे. चहानंतर आमच्याकडे कोणी थांबत नाही, म्हणून तो सातव्यानंतर ठेवा, असे सेक्रेटरींना कालच फोन करून सांगितले आहे.