चिपी ते पुणे : विमान तासाचं, प्रवास दिवसाचा

मंडळी, चिपी ते पुणे सरळ रेषेत अंतर जेमतेम २९० किलोमीटर. एटीआरसारखं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे चढ-उतार धरून तासाभराचं काम. ऐकायला झकास!

आता माझा हिशोब बघा. कणकवलीहून चिपीला दीड तास. दीड तास आधी तिथे हजर. उड्डाण एक तास. लोहगावला बॅग घेऊन कोथरूडला पोचायला आणखी दीड तास. झाले साडेपाच. फोंडा घाटातून गाडीने आठ तास लागतात. वाचले अडीच.

तेही विमान उडालं तर! गेल्या पावसाळ्यात पुण्यात बहिणीचं ऑपरेशन होतं. चिपीला पोचलो आणि कळलं, विमान रद्द. बाहेर एसटी नाही. रिक्षावाला सांगेल ते पैसे देऊन परतलो, रात्रीची बस धरली. सकाळी पोचलो तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं.

पाऊस कोणाच्या हातात नाही, मान्य. पण विमानाच्या वेळेला कुडाळ-कणकवलीहून एसटी सोडणं, रद्द झाल्याचं कळताक्षणी प्रवाशाला फोन करणं, एवढं तर हातात आहे ना? ९ ऑक्टोबर २०२१ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हा टाळ्या आपणही वाजवल्या होत्या. आता वेळेचा जाबही आपणच विचारायला हवा. तुमचाही घर ते घर हिशोब मांडा, सगळे मिळून निवेदन देऊ.