खोलीभाडे आणि सहवास

प्रवेशाचे दिवस आले की अमरावतीच्या गाडगेनगरात आणि अकोल्याच्या जठारपेठेत घरोघरी ‘रूम भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या लागतात. एक खाट, एक बल्ब, डब्याचा नंबर. प्रथम वर्षाच्या मुलाचे विद्यापीठ बहुधा येथूनच सुरू होते. अध्यापक म्हणून आपला त्याच्याशी संबंध येतो तो दिवसाच्या चार-पाच तासिकांपुरता. उरलेल्या एकोणीस तासांत तो कुठे असतो, कुणाशी बोलतो, हा प्रश्न आपण आपला मानीत नाही. तो आपला मानावा, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात धारणीकडचा एक मुलगा होता. घरी कोरकू, बाजारात हिंदी आणि पुस्तकात मराठी असा त्याचा तीन भाषांचा प्रवास. दिवाळीनंतर तो परत आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला होता, फी बाकी नव्हती, हजेरीही बरी होती. वर्गात त्याचा एकही मित्र मात्र नव्हता. त्याला कुणी घालवले नाही, आणि कुणी थांबवलेही नाही. हा ठपका मी प्रथम स्वतःवरच ठेवतो.

अमेरिकेत अलीकडे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना एका छताखाली ठेवून, त्यांचे काही अभ्यासविषय समान ठेवून, अध्यापकांनाही त्यांच्यात मिसळायला लावण्याची पद्धत रूढ आहे. तिचे एक मूळ अलेक्झांडर माइकलजॉन यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२७ ते १९३२ या काळात चालवलेल्या प्रयोगशील महाविद्यालयात सापडते. पण वऱ्हाडातल्या माणसाला त्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. त्याच सुमारास, ऑक्सफर्डहून डॉक्टरेट घेऊन परतलेले पंजाबराव देशमुख अमरावतीत सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे श्रद्धानंद छात्रालय चालवीत होते. श्री शिवाजी शिक्षण संस्था १९३२ची, म्हणजे छात्रालयानंतरची. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी पंगत बसली, मग वर्ग भरला. साताऱ्यात भाऊराव पाटलांनीही १९२४ साली आरंभ बोर्डिंगानेच केला होता. जेवणाची ताटे वेगळी राहिली तर वर्गातले बाक एकत्र येऊन फारसे काही साधत नाही, हे या माणसांनी ओळखले होते.

आज आपण हा क्रम सोडला आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी शासनाची स्वाधार योजना आहे. निर्वाह भत्त्याच्या योजनेला तर पंजाबरावांचेच नाव आहे. या योजना हव्यातच. त्यांच्यावाचून कित्येकांना शहराचे दर्शनही झाले नसते. परंतु भत्त्याने खोली मिळते, सोबत मिळत नाही. पंजाबरावांच्या नावाने आपण मुलाला भाडे देतो आणि त्यांनी दिले ते नेमके वगळतो.

नुसते वसतिगृह बांधून हे साधेल, असेही नाही. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहातच राहत होता, तरी अखेर तो गावीच परतला. माणसांच्या गर्दीतले एकटेपण त्या कादंबरीइतके मराठीत क्वचितच आले असेल. छप्पर एक असणे आणि सहवास असणे या निराळ्या गोष्टी आहेत.

माझ्यापुरते सांगायचे तर मी प्रथम वर्षाला असताना वर्गात ‘मले’, ‘काहून’ असे बोललो की हशा होई. मी बोलणेच सोडून दिले होते. वसतिगृहात शेजारच्या खाटेवर एम.ए.चे एक दादा होते. ते रात्री उद्धव शेळक्यांची ‘धग’ मोठ्याने वाचून दाखवीत. आपल्या आईची बोली छापली जाते आणि तिच्यावर प्रश्नपत्रिकाही निघते, हे मला त्या खाटेवर कळले, वर्गात नव्हे. आज मी ज्या विषयाचा अध्यापक आहे तो मला त्या रात्रींनी दिला.

मागणी फार मोठी नाही. प्रथम वर्षाच्या वीस-पंचवीस मुलांचा एक गट असावा; त्यात वसतिगृहातली, खोल्यांवरची आणि दर्यापूर-मूर्तिजापूरहून एस.टी.ने येणारी, तिन्ही प्रकारची मुले-मुली असावीत. गटाला एक अध्यापक, वरच्या वर्गातला एक दादा किंवा ताई आणि सत्रभर मिळून वाचायचे एकच पुस्तक असावे. आठवड्यातून एकदा शेवटच्या गाडीच्या आत सर्वांनी, अध्यापकासह, एकत्र जेवावे.

यावर स्टाफरूममधले उत्तर मला ठाऊक आहे. जागा रिक्त, निम्मे सहकारी तासिका तत्त्वावर, त्यात हे आणखी एक काम! तक्रार खरी आहे. तासाच्या हिशेबाने मानधन घेणाऱ्याकडून संध्याकाळ मागणे अन्यायाचे ठरेल. म्हणून हे काम कार्यभारात मोजले जावे, अशी मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे. ती मान्य होईपर्यंत निदान पूर्णवेळ पगार घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी एकेक गट घ्यायला हरकत नसावी. येत्या सत्रात मी एक घेणार आहे. पुस्तक ठरले आहे, ‘धग’. धारणीकडून कुणी आलेच, तर त्याच्या कोरकूतले शब्द आम्ही त्याला विचारू.