चित्रातील काजू आणि हरवलेले माप

काजूचा सौदा पूर्वी नमुन्यावर ठरत असे. ग्राहक मूठभर गर हातावर घेई, उजेडात धरून रंग पाही, एखादा दाताखाली फोडून बघे आणि मगच भावाचे बोलणे निघे. आता वेंगुर्ल्याच्या बाजारातील माल पुण्यामुंबईच्या घरांत परस्पर पोहोचू लागला आहे आणि नमुन्याचे काम छायाचित्राकडे आले आहे. मागे तराजू, पोती आणि भिंतीवरचे कॅलेंडर दिसणारे दुकानातले चित्र मात्र तेथे मुख्य चित्र म्हणून चालत नाही. अ‍ॅमेझॉनच्या नियमानुसार मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे लाल, हिरवा व निळा या तिन्ही रंगांचे मूल्य 255, असावी आणि चौकटीचा 85 टक्के भाग वस्तूने व्यापलेला असावा.

पार्श्वभूमी काढण्याचा हा उद्योग तसा जुनाच. फोटोशॉप बाजारात आले 1990 साली. त्याआधी निगेटिव्हवर अपारदर्शक रंग भरून वस्तूभोवतालचा भाग झाकला जाई. आता हे काम क्षणात होते. निदान होते असे वाटते. सोललेला काजूगर पांढऱ्या कागदावर ठेवून टिपला, तर सॉफ्टवेअरला कड सापडत नाही आणि गराचे टोकच कापले जाते. गडद राखाडी कागद बरा. भडक निळा किंवा हिरवा घेतल्यास त्याची झाक कडांवर उतरते. सालीसकट काजूला ही अडचण नाही, त्याची तपकिरी कड आपोआप उठून दिसते.

भोवतालचा भाग खोडरबराने पुसत बसणे सोपे वाटते, पण फाइल एकदा जतन केली की पुसलेले परत येत नाही. फोटोशॉपमध्ये आणि मोफत मिळणाऱ्या गिंपमध्येही ‘मास्क’ची सोय आहे. मास्क नको असलेला भाग नुसता झाकतो. चुकून कापलेले टोक पुन्हा उघडता येते. चोपडीतला चुकलेला आकडा खरवडून न काढता दुरुस्तीची नोंद करण्याच्या रीतीसारखेच हे आहे. मूळ चित्र वेगळे जपावे. पारदर्शक पार्श्वभूमी हवी असेल तर फाइल पीएनजी प्रकारात ठेवावी. जेपीजीमध्ये पारदर्शकता टिकत नाही.

खरा प्रश्न यापुढचा आहे. काजूची प्रत पौंडामागे किती गर बसतात यावर ठरते. डब्ल्यू-240 म्हणजे एका पौंडात, सुमारे 454 ग्रॅममध्ये, 240 पर्यंत गर. डब्ल्यू-320 मध्ये 320 पर्यंत. मोठ्या गराला भाव अधिक. वेंगुर्ल्यातच 1957 साली स्थापन झालेल्या फळ संशोधन केंद्राने ‘वेंगुर्ला-7’ सारखी टपोऱ्या बीची जात दिली, तिचे मोल याच मोजणीत आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर चौकट भरून बसवलेले 240 आणि 320 मात्र सारखेच दिसतात. दुकानातल्या चित्रात तराजूची दांडी होती, पोत्याची वीण होती. नजर त्यांच्याशी गराचा आकार ताडून पाहत होती. पसारा काढताना मापही निघून गेले.

ते कोणी मुद्दाम काढले नाही, हे खरे. पण पार्सल उघडणाऱ्या गृहिणीच्या हाती बारीक गर पडले, तर तिला हेतू दिसत नाही, काजू दिसतो. त्यात चित्र उजळ करणारे बटण दाबले, की भाजताना करपलेल्या कडाही पांढऱ्या होतात, आणि करपलेल्या गराची तर प्रतच निराळी. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनी विक्रेत्याकडून वस्तूचे वर्णन व चित्र तिच्या प्रत्यक्ष रूपाशी व गुणांशी जुळते असल्याची हमी घेण्याचे बंधन बाजारपेठांवर घातले आहे. अशी तक्रार आली तर सॉफ्टवेअरकडे बोट दाखवून कसे चालेल?

यावर उपाय खर्चाचा नाही. मुख्य चित्र नियमाप्रमाणे पांढरे ठेवावे आणि प्रत वर्णनात पहिल्याच ओळीत लिहावी. पांढऱ्या पार्श्वभूमीची अट जोडीच्या चित्रांना नाही. त्यांतल्या एकात तळहातावर चार गर ठेवून दाखवावेत. मागे फळी, पोती आणि कॅलेंडर आले तरी बिघडत नाही.